डावीकडची टोपली

आज रामाकोन्याहून संत्री आली. पहिलंच सोललं, सालीचा तिखट वास बोटांना लागला आणि बाबा आठवले. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

बाबा संत्री छाटायचे. ढिगातून उचललेलं मोठं संत्रं उजव्या टोपलीत टाकायचं, लहान डाव्या टोपलीत, तेही मान न वळवता. एका वर्षी मात्र संत्री टोपल्यांच्या बाहेर पडू लागली. चष्मा बदलला तरी तेच. आई म्हणायची, "अवो, झापडं बांधली का डोळ्याले?"

पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी बाबांना समोर बघायला लावून दोन्ही बाजूंना बोटं हलवली. बाबांना ती दिसलीच नाहीत. एमआरआयमध्ये मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ निघाली.

"गाठ कॅन्सरची वाटत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण डोळ्यांच्या नसा दाबून राहिली. आता थांबायचं नाही. नागपूरला सर्जनला दाखवा."

नाकातून ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी बाबा पुन्हा ढिगासमोर बसले. नजर सुधारली का, हे विचारायचा धीर कुणालाच होईना. आईने बांगड्या कोपराकडे सारल्या आणि डावीकडून हळूच टोपलीत हात घातला. बाबा समोरच बघत होते. त्यांनी खटकन तिचं मनगट धरलं.

"चोरी करून राहिली का वं?"

"दिसलं तुमाले?" आई हसता हसता रडू लागली.

तेव्हा मला ती थट्टा वाटली होती. आई त्यांची परीक्षा घेत होती, हे आज कळतं. आणि बाबा तर पैकीच्या पैकी मिळवून मोकळे झाले होते.

"दिसलं ना! अन् बांगड्या काऊन वर सारल्या वं?"