छापणाऱ्याचं नाव नसलेलं पत्रक

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत. मराठवाड्यातून नोकरीसाठी हैदराबादला आलेले माझे वडील सुट्टीच्या दिवशी इथल्या मराठी लोकांच्या हक्कांसाठी पत्रकं काढत. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. आपल्या माणसांनी छापलेल्या शब्दावर शंका घेणं मला गद्दारी वाटायची.

तेलंगण वेगळं झालं त्या सुमारास मी एका कॉलेजात माहिती पारखण्याचा विषय शिकवू लागले. कुणी छापलं, कधी छापलं, आकडा कुठून आणला, हे आधी बघा, असं तावातावाने सांगायची. परीक्षेत दोन कागद दिले: एका क्लासची जाहिरात आणि वडिलांचं जुनं हिंदी पत्रक. वसतिगृहात आमच्या मुलांच्या जागा रिकाम्या ठेवतात, असं त्यात आकड्यासकट होतं. विश्वासार्ह काय? माझं उत्तर ठरलेलं होतं: पत्रक.

एका मुलीने दोन्ही कागद बाद केले. मी तिला नापास केलं. सगळे विषय सुटले तरच तिला वसतिगृहात खोली मिळणार होती, आणि कुकटपल्लीची मावशी तिला आणखी ठेवून घेणार नव्हती. हे मला माहीत होतं.

जेवताना रागारागाने वडिलांना हे सांगितलं. ते हसले.

"आकडा? अगं, कोठी भागातल्या छापखान्यात उभ्या उभ्या घातला. जागा रिकाम्या होत्या हे खरं. किती, ते वसतिगृहाच्या ऑफिसात कुणी सांगेना. मग काय करणार?"

दुसऱ्या दिवशी मी तिचे मार्क बदलून घ्यायला कॉलेजच्या ऑफिसात गेले. राज्याच्या वाटणीत फाइली खोक्यांत भरणं चालू होतं. कारकून म्हणाला, "आजइच लिख के देओ मॅडम. कल फाइलां किधर जाते, मालूम नै."

मी अर्ज लिहायला घेतला. मार्क बदलण्याचं कारण लिहायचं होतं. वडिलांच्या पत्रकातला आकडा खोटा आहे, एवढंच. ते मला लिहवेना. अर्ज पर्समध्ये ठेवला. खोकी गेली.

वसतिगृहाची यादी लागली तेव्हा ती मुलगी फलकापाशी उभी होती. मला बघून जवळ आली.

"मॅडम, उस पर्चे पे छापने वाले का नाम नै था. आपीच बोले थे ना, पहले येइच देखना? फिर मेरा क्या गलत हुआ?"

पर्स माझ्या खांद्यालाच होती.

"पर्चा फिर से पढ के देखो," मी म्हणाले.