शेवटचा वाटा

हदगावच्या बसस्टँडवर रस पीत बसलो होतो, तेव्हा माझ्या आतेभावाचा, मिलिंदचा फोन आला. "दादा, आई गेली." पुढे आम्ही काय बोललो ते आठवत नाही. नांदेडहून लातूरची गाडी धरली आणि वाटभर एकच गोष्ट मनात येत राहिली... आता हार घालायला येणारे सगळे हिला माजी आमदार म्हणणार. तिला तो शब्द मुळीच आवडत नसे. "माजी म्हंजे शिळी का रे?" असं ती कुणालाही तोंडावर विचारायची.

कौशल्याआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या घरात मॅट्रिक झालेली पहिली मुलगी, मग किल्लारीकडच्या एका शाळेत मास्तरीण. उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे जायचो, तेव्हा गावरान आंब्यांचे वाटे घालायचं काम ती आम्हा पोरांना पाळीपाळीनं द्यायची. नियम एकच. वाटे ज्यानं घातले, त्यानं शेवटी उचलायचं. माझी पाळी आली की मी एकेक आंबा हातात तोलून बघायचो. आत्या पदराआड हसायची. "आता कसा सोनारावानी तोलून राहिलाय बघा."

लातूर जिल्हा नवा झाला, पाठोपाठ दुष्काळ पडला, आणि टँकर मागायला कचेरीत रोज जाणारी ही बाई लोकांनी आमदार करून टाकली. गावच्या तळ्याचं काम तिनं मंजूर करून आणलं. ते अर्धं झालं होतं, आणि ते पुरं करायला तिला दुसऱ्यांदा निवडून यायचं होतं. ही हौस तिनं लपवली नाही. तेवढ्यात सभागृहात आमदारांचा पगार नि पेन्शन वाढवायची गोष्ट निघाली. सगळे पक्ष अशा वेळी एका ताटात जेवतात. आत्या उभी राहिली आणि तिनं चक्क आंब्यांच्या वाट्यांची गोष्ट काढली. वाढ करा, पण ती पुढच्या निवडणुकीनंतरच्या सभागृहाला लागू करा. किती करायची, तेही बाहेरच्या माणसांना ठरवू द्या. लोकांनी परत पाठवलं तर आपणही घेऊ, म्हणाली. सभागृह पोट धरून हसलं. वाढ मंजूर झाली, आणि तिचं नाव 'आंबेवाली बाई' पडलं.

पक्षाचे एक पुढारी घरी आले होते. ओसरीवर चहा पिताना म्हणाले, "आक्का, तुमाला नको तर तुमी नका घेऊ. दुसऱ्याच्या ताटात कशाला बघून राहिलाव?"

"मला नको असं कुटं म्हनले मी? पाहिजे की. पन आपल्या हातानं आपल्याच ताटात वाढून घ्याची लाज वाटती."

पुढच्या वेळी तिला तिकीट मिळालं नाही. माझे वडील तिच्यावर फार चिडले, मीही चिडलो. तळं दुसऱ्याच कुणीतरी पुरं केलं. पाणी पहिल्यांदा भरलं त्या दिवशी ती एकटीच बघून आली. त्या दिवशीचा तिचा चेहरा आठवला की मला अजून वाईट वाटतं.

पेन्शन मात्र तिनं शेवटपर्यंत घेतली. मी चिडवायचो, "आत्या, तत्त्व कुठं गेलं?" ती शांतपणे सुपारी कातरत राहायची. "सोडून देऊन मोटी व्हाची हौस न्हाई मला. आपलं किती, ते आपनच ठरवू न्हाई. लई सोपं हाय रे... पन लोकायला उगी अवघड वाटतं."

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर काही आठवड्यांनी मिलिंदनं शेतातले आंबे उतरवले. आम्ही दोघं नवराबायको गेलो होतो. आत्याच्या खोलीतच, तिच्या पलंगाशेजारी पोतं अंथरून मी वाटे घातले. मिलिंदनं उचलला, त्याच्या बायकोनं उचलला, माझ्या बायकोनं उचलला. खाली बघितलं तर दोन उरले होते. हातानं सवयीनं पाच घातले होते.

"घे की दादा," मिलिंद म्हणाला.

वाटे मी घातले होते, आणि माझ्या आधीचा वाटा अजून तिथंच होता.