चिनी बागेतलं डोहाळजेवण

लोक मला तोंडाची फटकळ म्हणतात. म्हणोत बापडे. चाळीस वर्षं व्हँकुव्हरच्या पावसात काढल्यावर माणूस एकतर मऊ पडतं, नाहीतर माझ्यासारखं होतं. नवरा रिटायर होऊन दिवसभर टीव्हीसमोर बसायला लागला, तेव्हा मी बाहेरची वाट धरली आणि चायनाटाउनमधल्या चिनी बागेत व्हॉलंटियर म्हणून जायला लागले. पांढऱ्या भिंतींच्या आत हिरवट पाण्याचं तळं, वेडेवाकडे दगड, बांबूची बेटं आणि एक लांबट चहाची खोली. ही बाग नुसत्या तिकिटांवर चालत नाही, माणसांवर चालते. कुणी पानं झाडतं, कुणी शाळेच्या पोरांना फिरवतं, मी चहा ओतते. चिनी नववर्षाला लाल झालरी लावायच्या, शरदात चंद्राच्या सणाचे कंदील करायचे, डिसेंबरात वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीचे दिवे लावायचे. ऋतूमागून ऋतू अशी कामं निघतच असतात.

तिथे मी माझ्या धाकट्या जावेला नेलं. नेलं म्हणजे हाताला धरून गाडीत कोंबलं. तिचा एकुलता एक मुलगा हायवेवर बर्फात गाडी घसरून गेला होता. पंचविशीतलं पोर. सुरुवातीला इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी डबे पोचवले, रडल्यासुद्धा. मग डबे थांबले आणि हळूहळू आमंत्रणंही थांबली. बारशाला ती नको, डोहाळजेवणाला तर नकोच नको. तोंडावर कुणी काही म्हणत नसे. मला बाजूला घेऊन सांगत, “तिला त्रास होईल ना हो, म्हणून नाही बोलावलं.” केवढी ती काळजी! ऐकून अंगाची लाही व्हायची माझ्या. जावेला काय हवं होतं? चार बायकांत बसावं, कुणाच्या लेकरासाठी हाताने काही करावं, आणि कुणी आपल्याकडे घाबरून बघू नये. बस, एवढंच हवं होतं तिला.

बागेत कंदील करायला एक चिनी आजी यायची. इंग्रजी तिला येतच नसे म्हटलं तरी चालेल. बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर लाल रेशीम ताणून बसवायची आणि आमचे कंदील बघून नाक मुरडायची. माझा पहिला कंदील तिने सरळ उसवला. जावेने मात्र कामट्या हातात घेतल्या आणि मान वर न करता बांधून टाकल्या. ठाण्याला माहेरी दर दिवाळीला आकाशकंदील घरीच करायची ती, पुढे इथे बेसमेंटमध्ये लेकाला घेऊन करायची. आजीने कंदील फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाली, “गुड.” माझ्या वाट्याला तो शब्द आजतागायत आलेला नाही.

दोन हजार सतराला चिन्यांचा चंद्राचा सण आणि आपली कोजागिरी अगदी लागून आली. मीच मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना म्हटलं, या की बागेत. सगळ्या आल्या. थर्मासमधून मसाला दूध आणलं, चहाच्या खोलीत बसून प्यायल्या. तळ्यावर कंदील लागले होते, भिंतीवरून चंद्र वर आला, आणि बायका पेले हातातच धरून बघत राहिल्या. हे कंदील कुणी केले म्हणून विचारल्यावर मी जावेला पुढे ढकललं. अध्यक्षीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “अगं, लपून काय बसलीस? येत जा की आमच्यात.” त्या रात्री गाडीत जाऊ गाणं गुणगुणत होती. गेल्या दोन वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. मी रेडिओ बंद केला आणि मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी आले.

पुढच्या वर्षी अध्यक्षीणबाईंची सून गरोदर राहिली. डिसेंबरातली तारीख. बाईंनी बेत केला: चिनी बागेत, चंद्राच्या सणालाच, चांदण्यातलं डोहाळजेवण! बाग आयती, चंद्र आयता, कंदील आयते. मंडळाची कोजागिरीही त्यातच उरकायची. एका दगडात किती पक्षी मारावेत बाईंनी! त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी चहाला बसलो होतो तेव्हा जाऊ त्यांना हळूच म्हणाली, “वहिनी, यंदा चिन्यांची पौर्णिमा आपल्या भाद्रपदात येतेय. त्या दिवशी महालय लागतो. कोजागिरी पुढच्या महिन्यात आहे.”

तिला हे ठाऊक असायचं कारण होतं. तिचा मुलगा पौर्णिमेला गेला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती बाकी काही बघत नाही, पौर्णिमा तेवढ्या बघते. चिन्यांचाही अधिक महिना असतो, पण तो आपल्या अधिकाशी जुळेलच असं नाही. आदल्या वर्षी जुळून आलं आणि आमच्या बायका समजून बसल्या की चिनी पौर्णिमा म्हणजे कोजागिरीच. अध्यक्षीणबाई हसल्या. “अगं, चंद्र तर तोच ना? आणि कॅनडात कुठला आलाय पितृपक्ष! बुकिंग झालंय माझं.” मग जावेच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “सुनेसाठी एक छान कंदील कर. तुझ्याच हातचा हवा हं.”

झालं. तुझ्या हातचा हवा म्हटल्यावर महालय गेला उडत. जाऊ तीन वेळा रेशीम बदलून आणायला गेली. चिनी आजीबरोबर खुणांनी तिचं काय काय चाललेलं असायचं. पोटावरून हात फिरवून दाखवलं, तशी आजी खुदकन हसली आणि कंदिलाच्या गोंड्यात लाल दोऱ्याची एक गाठ घालून दिली. बाळाला चांगली असते म्हणे. जाऊ आरशासमोर उभी राहून साडीचा रंग ठरवत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

डोहाळजेवणाच्या आदल्याच दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी काय असतं ते एकीच्याही डोक्यात येऊ नये? पण नाही आलं. सून हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून तळ्याकाठच्या मंडपात बसली होती. पोरगी गोड आहे, उगाच कशाला नावं ठेवू. ओटी भरून झाली. जावेने कंदील तिच्या हातात दिला, तिने लगेच तो पोटाशी धरून फोटो काढून घेतला. मग तिने पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ उजाडली होती. आईने लेक बघितली, फुलं बघितली, आणि म्हणाली, “अगं, हे आज काय करताय? पितृपक्ष लागला ना! पितरांच्या दिवसांत ओटी भरतं का कुणी?”

कुणीतरी फोनवर तिथी शोधून काढली आणि जीभ चावली. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला, हात पोटावर गेला. सगळ्यांची नजर अध्यक्षीणबाईंकडे वळली. तारीख त्यांची, बेत त्यांचा, हौस त्यांची. आणि बाईंनी नजर कुणीकडे वळवली असेल?

सुनेच्या हातातला कंदील त्यांनी दोन बोटांनी उचलला आणि बाजूच्या दगडावर ठेवला. जावेला म्हणाल्या, “तुझं झालं ते वाईटच झालं गं. पण म्हणून माझ्या सुनेच्या पोटावर सावली पाडायची होती का? तारीख ठाऊक होती ना तुला? तुला नाही तर कुणाला ठाऊक असणार?” हे सगळं अगदी मऊ आवाजात बरं का. त्या बाईला आवाज चढवावा लागत नाही.

माझं डोकं सटकलं. चहाचा ट्रे तसाच बाकावर आपटला. म्हटलं, “अहो, लाज वाटते का काही? हिने तुम्हाला तुमच्याच स्वयंपाकघरात सांगितलं होतं. मी होते तिथे. ‘कॅनडात कुठला पितृपक्ष’ म्हणून दात काढलेत तुम्ही!”

“मला? मला कधी सांगितलं?” बाईंनी डोळे मोठे केले. “विचारा तिलाच.”

सगळ्या जावेकडे बघायला लागल्या. मी पण बघत होते. म्हटलं, बोल गं बाई, आज एकदा तरी बोल. जाऊ सुनेकडे बघत होती. मग मला म्हणाली, “नाही ताई. मी नव्हतं सांगितलं. राहून गेलं. चुकलंच माझं.”

मी तोंडावर पडले ते पडले, त्याचं एवढं काही नाही. पण बायकांची तोंडं बघायला हवी होती तुम्ही! सुटल्या सगळ्या. अपराधी सापडली. एकीने सुनेच्या अंगावरची फुलं उतरवली, दुसरीने तिच्या कपाळाला अंगारा लावला, आणि पाच मिनिटांत सगळ्या पार्किंगकडे चालत्या झाल्या. दूध थर्मासमध्ये तसंच राहिलं. चिनी आजी पळत आली, तिला वाटलं कंदील मोडलाय म्हणून परत केला. तिने तो उलटासुलटा करून बघितला, काही मोडलेलं सापडेना. कुठे मोडलंय म्हणून ती जावेला खुणेने विचारत राहिली.

गाडीत मी तणतणले. “खोटं कशाला बोललीस? त्या भवानीला वाचवायला?” जाऊ म्हणाली, “त्या मुलीचं पोट बघितलंत? भीतीने कडक झालं होतं. आणखी भांडण कशाला? मी चुकले म्हटल्यावर संपलं ना.” थोड्या वेळाने म्हणाली, “पण ताई, बाळाला काही होणार नाही ना?”

तिथून तिच्यामागे तेच लागलं. मी रागाच्या भरात मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडून बसले होते, त्यामुळे बातमी यायची वाटच बंद. जाऊ रोज सकाळी फोन करायची. “काही कळलं?” नाही. “सातवा संपला असेल ना?” असेल. “थंडी पडलीय, ती चालताना घसरली-बिसरली नाही ना?” मला काय स्वप्न पडतं? एकदा वैतागून म्हटलं, “तुझ्यामुळे काही होत नसतं गं, अडाण्यासारखं काय करतेस!” तर म्हणाली, “माझ्या पोराच्या वेळीही मला असंच वाटत होतं, काही होत नसतं.”

बागेत ती येईना. डिसेंबरात आजी माझ्यापाशी आली, जावेएवढी उंची हाताने दाखवली, आणि भुवया उंचावल्या. कुठे आहे? कसं सांगणार? मी नुसती मान हलवली. आजीने आपल्या पिशवीतून उरलेलं लाल रेशीम काढलं, घडी घातली आणि माझ्या हातात कोंबलं. ते मी जावेकडे पोचवलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू कुणाच्या तरी घरी होतं. मी गेले ते जावेसाठीच, बातमी काढायला. तर कोपऱ्यात पाळणा, पाळण्यात मुलगा, गुटगुटीत, डोळे टकाटका. सून ठणठणीत. अध्यक्षीणबाई प्रत्येकीला सांगत होत्या, किती पटकन सुटली म्हणून. बारसं केव्हाच झालं होतं. सुखरूप झाली, एवढे दोन शब्द कुणी जावेला कळवले नव्हते. बाईंना तर आठवतही नसावं. मी तिळगूळ तोंडात टाकला आणि तशीच गाडी काढून जावेकडे गेले.

“मुलगा. दोघं छान आहेत.”

ती खाली बसली. पुन्हा विचारलं, “सुखरूप ना?” मी पुन्हा सांगितलं. मग उठून आतल्या खोलीत गेली आणि एक कुंची घेऊन आली. आजीने दिलेल्या लाल रेशमाची, आत मऊ सुती अस्तर, गळ्याशी दोऱ्याची तीच चिनी गाठ. म्हणाली, “बारसं कधी आहे? मला नाही बोलावणार, माहीत आहे. तुमच्याबरोबर पाठवीन.”

“झालं गं बारसं,” मी म्हटलं.

तिने कुंचीवरून हात फिरवला. “असू दे. थंडी आहे अजून. लागेल त्याला. पण माझं नाव सांगू नका ताई. तुम्ही शिवली म्हणा.” मी नाही म्हटलं. भांडले. शपथ घातली तिने, तेव्हा कुठे कुंची घेतली.

मला साधं बटण लावता येत नाही, हे मंडळात पोरासोरांना माहीत आहे. तरी कुंची दिल्यावर अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “अय्या, किती सुबक! तुम्ही कधी शिकलात हो?” मी म्हटलं, चिनी बागेत. लगेच नातवाला घातली. “तुमच्यासारख्या जुन्या माणसांचा हात लागला की बाळाला बाधत नाही काही,” असंही वर म्हणाल्या. शपथ होती म्हणून, नाहीतर तिथेच बाईंच्या तोऱ्याचं पाणी पाणी केलं असतं मी. ‘ही कुंची तिनेच शिवलीय’ हे वाक्य अजूनही माझ्या तोंडात तयार आहे. जाऊ सोडत नाही शपथेतून.

चिनी नववर्षाला जाऊ बागेत आली. बाळ सुखरूप आहे म्हटल्यावर आली. लाल झालरी बांधता बांधता माझ्या फोनवर अध्यक्षीणबाईंनी पाठवलेला फोटो आला: कुंचीतलं बाळ, खाली तीन हृदयं आणि ‘तुमच्या हाताला जादू आहे’. मी फोन जावेपुढे धरला. आजीही मान घालून बघायला आली आणि म्हणाली, “गुड, गुड.”

जावेने दोन बोटांनी फोटो मोठा केला. बाळाचा चेहरा बाजूला सरकवला, गळ्याशी आली, गाठ बघितली, मग खांद्यावरची शिवण बघितली. बराच वेळ बघितली.

“मापात बसली,” ती म्हणाली आणि पुन्हा झालर बांधायला लागली.