टोचूबाईंचा प्रश्न

गोदामात शिरलं की डाव्या हाताला प्रथमोपचाराची खोली लागते. एक पलंग, एक खुर्ची, बेसिन आणि औषधांचं एक कपाट. त्याचं दार लागत नाही म्हणून त्याला चिकटपट्टी मारलेली. कागदोपत्री टोचूबाई इथल्या कंत्राटी नर्स. पण गोदामातल्या कुणालाही विचारा, ही खोली कंपनीची आहे हे कुणाच्या ध्यानातच नसतं. ती टोचूबाईंची.

हे नाव त्यांना मिळालं ते एका सवयीपायी. पत्र्याच्या पट्टीने बोट कापलेलं असो, नाहीतर रॅकवर डोकं आपटलेलं, बाई सुई भरतात, ती कशाची आहे ते सांगतात आणि विचारतात, "टोचू का?" आणि थांबतात. विचारतात तसे सगळेच. थांबायला जिवावर येतं. समोरचा 'हो' म्हणेपर्यंत बाईंची सुई जागची हलत नाही. फोर्कलिफ्टवाल्याचा हात एकदा चांगलाच फाटला होता. रक्ताची धार लागलीय आणि ही बाई परवानगी कसली मागतेय, म्हणून तो नुसता करवादला. बाई जखम दाबून धरून तशाच उभ्या. शेवटी "टोचा की हो" असं तोंडातून निघालं तेव्हा कुठे काम झालं. बाहेर येऊन त्याने चहाच्या टेबलाशी त्यांची हुबेहूब नक्कल केली, आणि नाव पडलं ते पडलंच. बाईंना ते आवडतं. विचारून दिलेलं दुखणं अर्धंच दुखतं, असं त्यांचं ठाम मत आहे.

तर अशा बाईंच्या टेबलावर एका सकाळी एचआरच्या साहेबांनी एक चपटा डबा आणून ठेवला. आत तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपा आणि त्या बसवायच्या जाड सुया. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या कातडीखाली एकेक बसवायची, की ओळखपत्र नको, किल्ली नको. हात पुढे केला की दार उघडणार. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. वरून हुकूम आला की खाली नाचायचं, एवढाच त्यांचा दोष. सगळ्यांच्या सह्या झाल्यात, तुम्ही फक्त टोचत चला, असं ते अगदी मोकळेपणाने म्हणाले.

बाईंनी चष्मा लावून डबा पाहिला आणि मग साहेबांना खोदून खोदून विचारलं. दार उघडतं ते ठीक, पण कोण कुठल्या दारातून गेला ते कुठे उमटतं का? उमटतं, वरच्या खोलीत, साहेबांच्या पडद्यावर. स्वच्छतागृहाचं दारही त्यात आलं? सगळीच दारं आली. नोकरी सोडली तर? कापून काढावी लागेल, पण ते तेव्हाचं तेव्हा बघू. हे 'तेव्हाचं तेव्हा' ऐकून बाईंच्या कपाळाला आठी पडली. सुई आत्ताची आणि उत्तर तेव्हाचं, हा कुठला न्याय?

तरी ती रात्र त्यांना जड गेली. नवऱ्याची पाठ गेल्यापासून घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालत होतं, आणि कंत्राट पुढे चालवायची सही याच साहेबांच्या हातात होती. नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं. तो पडल्या पडल्या म्हणाला, "तुला जे पटत नाही, ते माझ्या पाठीच्या नावावर करू नकोस." बाईंना राग आला, कारण तो खरं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी खोलीबाहेर रांग लागली. पहिली आली पॅकिंगची वहिनी. बाईंनी तिचा हात पुसला आणि नेहमीच्याच आवाजात सांगितलं, "ही आत बसली की तू कुठल्या दारातून गेलीस, आत किती वेळ होतीस, ते वर दिसणार. घरी जाशील तेव्हाही ती हातातच असेल. काढायची तर कापावं लागेल. टोचू का?"

आणि थांबल्या.

वहिनीने सही केली होती खरी, पण सही करताना तिला कुणी असं थांबून विचारलं नव्हतं. तिने हात हळूच मागे घेतला. दुसऱ्यानेही घेतला. फोर्कलिफ्टवाला तर खुर्चीत बसलाच नाही, दारातूनच नको म्हणाला.

गेटवरचे काका मात्र बसले. त्यांना फिट यायची. मागे एकदा ते शेवटच्या रॅकमागे पडून राहिले होते आणि कुणाला पत्ता नव्हता. मी आत गेलो आणि बाहेर आलो नाही, हे कुणाला तरी दिसू दे, असं ते म्हणाले. बाईंनी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा हो म्हटलं, आणि बाईंनी इतक्या हलक्या हाताने चिप बसवली की काका सुई कधी येते म्हणून वाट बघत राहिले. त्यांना हवी होती, त्यांना मिळाली. बाईंची तक्रार चिपेबद्दल नव्हतीच.

दुपारपर्यंत डब्यातली ती एवढी एकच चिप कमी झाली. साहेब धापा टाकत खाली आले. लोक घाबरलेत, मीच आधी घेऊन दाखवतो, असं म्हणत खुर्चीत बसले आणि बाही वर केली. दारात सगळी रांग गोळा झाली.

बाईंनी त्यांचाही हात पुसला. "साहेब, ही बसली की तुम्ही कुठे होतात, किती वेळ होतात, ते तुमच्या वरच्यांना दिसणार. इथून गेलात तरी ती तुमच्याबरोबर येणार. टोचू का?"

साहेबांनी वरच्या खोलीचा आजवर विचार केला होता तो तिथे बसून बघणारा म्हणून. तिच्याही वर कुणी बसतं, हे बहुधा त्यांच्या डोक्यात आत्ता आलं. ते सुईकडे बघत राहिले. बाईंनी घाई केली नाही. बाहेर फोर्कलिफ्ट बंद होती, माल वाहणारा पट्टा बंद होता, आणि एवढं मोठं गोदाम एका माणसाच्या उत्तरासाठी खोळंबलं होतं.

साहेबांनी बाही खाली घेतली. बटण लावलं. डबा काखेत मारून ते उठले, पण उंबऱ्याशी घुटमळले. आवाज अगदीच उतरला होता.

"वर विचारतील, कुणी अडवलं म्हणून. काय सांगू?"

बाईंच्या डोळ्यांसमोर घर आलं, अंथरूण आलं, कंत्राटाचा कागद आला. तरी मान ताठ होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचा भरभरून अभिमान वाटत होता.

"माझं नाव सांगा," त्या म्हणाल्या. "कागदावरचं सांगा, म्हणजे शोधायला त्रास नको."