विंचवांच्या कंगव्याचे दात

मागच्या दिवाळीत आमच्या जेवणाच्या टेबलावर फराळाच्या डब्यांशेजारी विंचू होते. राजस्थानच्या वाळवंटातले, मेलेले, स्पिरिटच्या बाटल्यांत. ते माझ्या सुनेचे. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि पीएचडी करते. विंचू दोन प्रकारचे आहेत, मोठे तपकिरी आणि लहान पिवळे, असं तिचं म्हणणं. मार्गदर्शक सरांना ते पटत नव्हतं. लहान ही मोठ्यांचीच पिल्लं, प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाका, असं त्यांनी कळवलं होतं. दोन वर्षांची मेहनत वाया जाणार म्हणून पोरीचा सणात जीव नव्हता.

मी विचारलं, ठरवायचं कसं? तिने एक विंचू उताणा केला. पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव होते. त्यांचे दात जन्माला येताना जितके, तितकेच शेवटपर्यंत. पिल्लं असतील तर आकडे मोठ्यांशी जुळायला हवेत. पण लॅब सुट्टीत बंद, आणि घरच्या भिंगातून तिची मोजणी दर वेळी वेगळी येत होती.

मोजणं हे तर माझं रोजचं काम. नारपोलीच्या लूम कारखान्यात मी कापड तपासते. इंचात किती धागे, ते मोजायचं घडीचं भिंग पर्समध्ये असतंच. मी तिला पद्धत सांगितली: सुईचं टोक सरकवत दात पाच-पाच मोजायचे, दोघींनी वेगळ्या कागदावर लिहायचं, एकमेकींचं बघायचं नाही. मी रकाने आखले: बाटली, डावा, उजवा.

"किराण्याची यादी संपली, आता विंचवांची वाटतं," असं म्हणत आमचे हे चिवडा घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

पहिल्या तीन बाटल्यांचे आकडे जुळेनात. चूक माझीच निघाली. कापडाची किनार मोजायची नसते, त्या सवयीने मी कडेचा बारका दात सोडत होते. पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवले. नर असो की मादी, मोठ्यांत पंचविसाच्या खाली एकही नाही, लहानांत विसाच्या वर एकही नाही. सुनेने स्पिरिटच्या हातांनीच मला मिठी मारली.

कागदांचे फोटो सरांना गेले. तासाभरात त्यांचा फोन. प्रकार दोन आहेत, प्रकरण राहू द्या, म्हणाले. मग विचारलं, दुसरं अक्षर कोणाचं?

"आमच्या आईंचं, सर."

सरांकडे न मोजलेल्या बाटल्यांचं एक कपाट आहे म्हणे. मी तिला सांगितलं, भाऊबीज झाली की पाठवा म्हणावं, पण नंबर घालून.