चिमट्याचा बोल्ट

कुंभार पिंपळगावच्या आसपासच्या वस्त्यांवर मी शेळ्या-मेंढ्यांना लस टोचायला जाते. नवरा जालन्याला कारखान्यात कामाला लागला, आठवड्यानं एसटीनं येऊ लागला, तेव्हा त्याची मोटारसायकल घरी नुसती उभी होती. तीच मी शिकले. घरात कुणी काही म्हणालं नाही. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांची हयात मेंढरांमागं पायी चालण्यात गेली. मी गाडीला किक मारली की ते मान वळवून बसायचे, एवढंच.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि गाडीचं मागचं अंग हलू लागलं. वळणावर पुढचं चाक एकीकडे जाई, मागचं त्याच्या मनानं. खड्ड्यात आपटलं की खालून कोरडा, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज. एका वस्तीच्या उतारावर खडीत मागचं चाक सरकलं आणि मी गाडीसकट आडवी झाले. गुडघा सोलला. लशींचा बर्फाचा डबा रस्त्याकडेला गेला, पण झाकण उघडलं नाही. आधी डबा पाहिला, मग गुडघा.

अंबडच्या मिस्त्रीनं मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवून दाखवलं. "चिमटा ढिला झालाय. आतले बुश सुकून गेलेत." चिमटा म्हणजे ज्या दोन लोखंडी हातांत मागचं चाक बसतं तो, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातली झिजणारी कडी. "गाडी ठेवून जा, आठ दिवसांनी या. अन् येताना मालकाला पाठवा, त्यांना सांगतो काय काय लागतंय ते."

आठ दिवस! वस्त्यांवर शेळ्यांमध्ये रोगाची साथ होती. आणि चालवते मी, पडले मी, तर मालकाला काय सांगायचं होतं? मी मिस्त्रीलाच विचारून बुश, बेअरिंग आणि ग्रीसचा डबा विकत घेतला आणि घरी आले. नवरा फोनवर म्हणाला, "थांब, सुट्टीला आलो की करू." त्या आठवड्यात त्याला सुट्टी मिळाली नाही. मी अंगणात पोतं अंथरलं.

गाडी डबल स्टँडवर घेतली. चेन काढली, चाक काढलं, शॉकअप सोडले. प्रत्येक नट ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं ताटात मांडला. इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग चिमटा गाडीच्या सांगाड्याला जोडणारा लांब बोल्ट आला. नट निघाला, बोल्ट मात्र जागचा हलेना. हातोडा मारला, डिझेल सोडलं, परत मारला. हाताला फोड आले.

मामा ओट्यावरून म्हणाले, "मिस्त्रीचं काम हाय ते. सोड."

"न्हाई मामा. गंजलाय नुसता. निघंल."

"कवापासून ठोकून राह्यली तू."

"निघंस्तोवर ठोकते."

रात्रभर डिझेल मुरू दिलं. सकाळी बोल्टच्या डोक्याला पाना लावला, हातपंपाचा जुना पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला आणि त्याच्यावर पाय देऊन उभी राहिले. गाडीच झुकायला लागली. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी तिला धरलं. मामा होते. धोतराचा सोगा खोचून, हँडल छातीशी घट्ट आवळून उभे.

"हाण आता," म्हणाले.

कट्ट असा आवाज झाला. मला वाटलं, बोल्ट तुटला. पण तो फिरला होता. मग ठोकून ठोकून एकेक बोट बाहेर आला, वर विटकरीसारखी लाल भुकटी. ग्रीसचा मागमूस नव्हता.

बोल्ट पॉलिश पेपरनं घासून मी चकचकीत केला. नवे बुश बसवले, आत बोटानं ग्रीस भरलं. चेनच्या चक्राचं बेअरिंग गुळगुळीत फिरत होतं, त्याला धुऊन ग्रीस लावलं. चाकातलं एक मात्र खरखरत होतं. ते ठोकून काढलं, नवं घातलं. दुपारपर्यंत गाडी जोडून झाली. एक्सलचा नट आवळला, चाक फिरवलं, तर चाक जाम!

नट ढिला केला की फिरे, आवळला की जाम. मी मटकन खाली बसले. ताट रिकामं होतं, म्हणजे सगळं आत गेलं होतं. मग डिझेलच्या परातीत हात घातला आणि तळाशी लोखंडी नळी लागली. दोन बेअरिंगच्या मधे ती असते. ती धुवायला टाकली होती, राहूनच गेली. म्हणजे चाक पुन्हा काढा, नवं बेअरिंग पुन्हा ठोकून बाहेर.

डोळ्यांत पाणी आलं. मामांना नळी दाखवली. वाटलं, आता म्हणतील, सोड.

"ही आत पाह्यजे व्हती?"

"हां."

"मंग चल की जल्दी. ऊन उतरायच्या आत बसवू."

दुसऱ्यांदा हात भराभर चालला. बेअरिंग कडेकडेनं हलकं ठोकत काढलं, नळी घातली, बेअरिंग परत बसवलं. नट आवळून चाक फिरवलं. फिरतच राहिलं. मामांनी पुढं होऊन स्वतःच्या हातानं आणखी एकदा फिरवलं.

रस्त्यावर एक फेरी मारून आले. वळणावर गाडी एकसंध वळली, खड्ड्यात मागचं अंग नुसतं दबलं आणि वर आलं. परत येऊन सगळे नट पुन्हा तपासले. दुसऱ्या दिवशी राहिलेल्या वस्त्यांवर गेले आणि साथ ओसरेपर्यंत एक दिवस घरी बसले नाही.

गाडी जोडली त्याच आठवड्यात मामा म्हणाले, "मंठ्याला बहिणीकडं जायचंय. सोडती का?" पहिल्यांदाच ते मोटारसायकलवर बसले. मागची दांडी दोन्ही हातांनी धरून होते. अर्ध्या वाटेवर कुठं एक हात सुटला आणि ते मला डोंगराकडची चराईची रानं दाखवू लागले.

रविवारी नवरा आला. पिशवी ठेवली नाही तोच पाना घेऊन गाडीशी बसला. "बघतो जरा बराबर आवळलंय का."

मामा ओट्यावरून ओरडले, "बिलकुल हात लावू नको! तिनं आवळलंय."