तात्पुरती विहीर

रस्त्याच्या कामावर दोन गोष्टींचे ढीग साठतात, खडीचे आणि किश्श्यांचे. खडी पट्टी लावून मोजून घेतात, किस्से कुणी मोजत नाही. म्हणून तर माझ्याकडं एवढे उरले! मी भूमच्या रस्ता-कचेरीत कारकून होतो. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती आणि भूमहून येरमाळ्याकडं पक्का रस्ता निघाला होता.

*

आमचे ओव्हरसियर जोशीसाहेब साताऱ्याकडचे. त्यांना इंग्रजी येई, उर्दूचा गंध नव्हता. माझं सगळं शिक्षण उर्दूतलं. जुना नकाशा उर्दूत, तेव्हा मी वाचायचं आणि साहेबांनी लिहून घ्यायचं.

"मोरीचे पाइप, तिसरा मैल," मी ऐटीत वाचलं. पाइप भूमपासून तिसऱ्या मैलावर उतरले.

आठवड्यानं रोलरचे ड्रायव्हर करीममामू आले. नकाशाकडं न बघताच म्हणाले, "साब, इथं ओढाच न्हाय. जुने लोक मैल येरमाळ्याकडनं मोजायचे."

साहेबांनी नकाशा गुंडाळला. मग म्हणाले, "पाइप इथं आलेत तर तंबूही इथंच ठोका." अशी आमची छावणी भलत्याच गावाजवळ पडली.

*

त्या गावात पाण्याचा एकच आड, तोही उन्हाळ्यात तळाला गेलेला. आमचा रोलर वाफेवर चालणारा, शिवाय मुरूम दाबायलाही पाणी मारावं लागे. चौथ्या दिवशी यशवदाबाई नावाची म्हातारी रिकामी घागर घेऊन रोलरच्या पुढ्यात येऊन बसली.

"तुमचा रेडा गावाचं पाणी पितुया," ती म्हणाली, "आन शेण बी देत न्हाय."

आम्ही सगळे हसलो. करीममामू हसले नाहीत. खाली उतरले आणि भट्टीतले निखारे ओढून बाहेर काढले. "मावशी खरं बोलती. तिची घागर भरल्याबिगर मी आग पेटवणार न्हाय."

काम बंद पडलं. पावसाच्या आत दाबला नाही तर सगळा मुरूम वाहून जाणार. आणि दाबायचा तर गावानं काय प्यायचं?

*

जोशीसाहेबांनी गावासाठी विहीर मागितली. वरून उत्तर आलं, विहीर हे रस्तेवाल्यांचं काम नव्हे. मग विहिरीच्या खात्याला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, रस्ता झाल्यावर विचार करू, सध्या तिथं गाडी पोचत नाही!

मी एस्टिमेट चाळत बसलो. एका ओळीवर बोट ठेवून साहेबांना दाखवलं, 'कामासाठी पाण्याची सोय, तात्पुरती.'

साहेबांनी चष्मा पुसला. "तात्पुरती म्हणजे किती खोल, ते लिहिलंय?"

"नाही साहेब."

"मग खणा."

*

दहा हातांवर काळा पाषाण लागला. गावातले गडी न बोलावता पहारी घेऊन आले, बायकांनी भाकरी आणल्या. पाणी लागलं तेव्हा करीममामूंनी वाटणी जाहीर केली, "पहिली घागर येरमाळ्याच्या येडाई देवीची, दुसरी गावाची, तिसरी माझ्या रेड्याची."

पाइपांची चूक माझी होती, पण त्या चुकीचे उपकार मी अजून मानतो. नोकरीनं मला पुष्कळ दिलं, त्या दिवशीच्या पाण्याएवढं गोड काही दिलं नाही.

*

पावसाआधी रस्ता झाला, एसटी सुरू झाली, आणि मोठे साहेब तपासणीला आले. नियम असा, की काम संपलं की तात्पुरतं ते सगळं काढायचं, खड्डे बुजवायचे. विहीर बुजली असती तर गाव पुन्हा त्या आडावर आलं असतं.

"तात्पुरत्या विहिरीला पायऱ्या आणि कठडा?" मोठ्या साहेबांनी विचारलं. "ही अजून बुजवली का नाही?"

यशवदाबाईनं तांब्या पुढं केला. "आधी पाणी घ्या, साहेब."

ते प्याले. आणखी मागून प्याले. कठड्यापाशी रांगेत मांडलेल्या घागरी त्यांनी पाहिल्या. मग ज्या रस्त्यावरून जीप भरधाव आली होती, त्या रस्त्यावर वाकून त्यांनी तळहात टेकवला.

"रस्ता कोरडा आहे," ते म्हणाले. "अजून पाणी मारायला हवं. तोवर विहीर राहू द्या." वहीत तसंच लिहिलं आणि निघून गेले.

जोशीसाहेब यशवदाबाईला समजावून सांगायला गेले. तिला सांगायची गरज नव्हती. कमरेवरच्या घागरीत हात बुडवून तिनं थोडं पाणी रस्त्यावर शिंपडलं आणि घराकडं चालू लागली. मागच्या बाईनंही शिंपडलं.

पुष्कळ वर्षांनी मी एसटीनं त्या गावावरून चाललो होतो. रस्ता डांबरी झाला होता, जोशीसाहेब आणि करीममामू दोघंही राहिले नव्हते. विहिरीवरून एक नवी सून घागर घेऊन निघाली होती. आमची गाडी पुढं जाईपर्यंत ती कडेला थांबली, घागरीत हात बुडवून थोडं पाणी डांबरावर शिंपडलं, आणि मग घरी गेली.